आयव्ही ली

आयव्ही लेडबेटर ली (१६ जुलै १८७७ – ९ नोव्हेंबर १९३४) हे अमेरिकन पत्रकार आणि जनसंपर्क सल्लागार होते. मोठ्या उद्योगसमूहांच्या वतीने वृत्तपत्रांशी व सरकारशी संवाद साधणे हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून ज्यांनी अमेरिकेत रुजवला, त्यांमध्ये त्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. पेन्सिल्व्हेनिया रेल्वे, रॉकफेलर कुटुंब, बेथलेहेम स्टील, अमेरिकन रेड क्रॉस अशा अनेक संस्थांसाठी त्यांनी काम केले. उद्योगांनी जनतेपासून काही लपवू नये, अचूक माहिती तत्परतेने द्यावी, हे त्यांनी १९०६मध्ये जाहीर केलेले तत्त्व जनसंपर्काच्या पाठ्यपुस्तकांत आजही आढळते. मात्र १९१४च्या कोलोराडोतील कोळसा संपात आणि १९३४मध्ये उघडकीस आलेल्या जर्मन रसायन कंपनीच्या प्रकरणात त्यांच्याच कामाने हे तत्त्व पाळले होते काय, हा प्रश्न सरकारी चौकशी मंडळांनी त्यांना समोर बसवून विचारला. त्यामुळे ‘जनसंपर्काचे जनक’ आणि ‘विषारी आयव्ही’ अशी दोन्ही बिरुदे त्यांच्या नावाला चिकटली आहेत. यांपैकी पहिल्या बिरुदाचा दावा एडवर्ड बर्नेज यांच्या वतीनेही केला जातो.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील रेल्वे, तेल, पोलाद आणि कोळसा हे उद्योग मोजक्या कंपन्यांच्या हाती एकवटले होते. या कंपन्यांच्या चालकांना आपल्या कारभाराचा खुलासा जनतेपुढे करणे आवश्यक वाटत नसे. अपघात झाला तर वार्ताहरांना घटनास्थळी फिरकू दिले जात नसे. संप झाला तर मालक बोलत नसत. दुसऱ्या बाजूला स्वस्त नियतकालिकांचा खप वाढत होता आणि त्यांतून उद्योगपतींच्या व्यवहारांवर शोधलेख प्रसिद्ध होत होते. आयडा टार्बेल यांनी स्टँडर्ड ऑइल कंपनीवर लिहिलेली लेखमाला १९०४मध्ये ग्रंथरूपाने आली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांच्या कारकिर्दीत मक्तेदारीविरोधी खटले आणि रेल्वेच्या दरांवर नियंत्रण आणणारे कायदे झाले.

वृत्तपत्रांत कंपनीचे नाव चांगल्या रीतीने यावे यासाठी ‘प्रेस एजंट’ नेमण्याची प्रथा तत्पूर्वीही होती. हे एजंट वार्ताहरांना भेटवस्तू, रेल्वेचे फुकट पास देत किंवा जाहिरातीच्या बदल्यात मजकूर छापून घेत. बॉस्टन येथे १९००मध्ये ‘पब्लिसिटी ब्युरो’ नावाची संस्था निघाली होती. म्हणजे प्रसिद्धी विकत घेण्याचा व्यवहार ली यांनी सुरू केला नाही. तो उघडपणे करता येईल, असे त्यांनी म्हटले. त्या काळात हे म्हणणेच नवीन होते.

प्रारंभिक जीवन

ली यांचा जन्म जॉर्जिया राज्यातील सीडरटाउन या गावाजवळ झाला. वडील जेम्स वाइडमन ली हे मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात वक्ते म्हणून त्यांचा लौकिक होता. आयव्ही ली यांनी काही काळ एमरी महाविद्यालयात शिक्षण घेतले व १८९८मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातून पदवी मिळवली. कायद्याच्या शिक्षणाचा प्रयत्न त्यांनी अर्ध्यावर सोडला. न्यू यॉर्कमध्ये त्यांनी ‘न्यू यॉर्क अमेरिकन’, ‘न्यू यॉर्क टाइम्स’ आणि ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’ या दैनिकांसाठी वार्ताहर म्हणून काम केले. या काळात त्यांचा संबंध मुख्यतः अर्थव्यवहाराच्या बातम्यांशी आला. बँका आणि कंपन्यांचे चालक किती गुंतागुंतीचे निर्णय घेतात आणि ते सोप्या भाषेत सांगणारा कोणी त्यांच्याजवळ कसा नसतो, हे त्यांनी वार्ताहराच्या खुर्चीतून पाहिले.

१९०१मध्ये त्यांचा विवाह कॉर्नेलिया बार्टलेट बिगेलो यांच्याशी झाला. वार्ताहराच्या तुटपुंज्या पगारात घर चालवणे अवघड होते. १९०३मध्ये त्यांनी वृत्तपत्राची नोकरी सोडली आणि न्यू यॉर्कचे महापौर सेथ लो यांच्या फेरनिवडणुकीच्या प्रचाराचे काम स्वीकारले. लो पराभूत झाले. परंतु प्रचारासाठी ली यांनी तयार केलेल्या पुस्तिकेमुळे राजकीय वर्तुळात त्यांची ओळख झाली. पुढील वर्षी अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रसिद्धी कार्यालयात ते दाखल झाले. पक्षाचे उमेदवार ऑल्टन पार्कर यांचाही पराभव झाला.

पार्कर अँड ली

डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रसिद्धी कार्यालयातील वरिष्ठ सहकारी जॉर्ज एफ. पार्कर यांच्यासह ली यांनी न्यू यॉर्कमध्ये ‘पार्कर अँड ली’ ही संस्था स्थापन केली. ती जेमतेम चार वर्षे चालली. तरीही जनसंपर्काच्या इतिहासात तिला स्थान मिळाले, ते एका संपामुळे.

१९०२मध्ये पेन्सिल्व्हेनियातील अँथ्रासाइट म्हणजे कठीण दगडी कोळशाच्या खाणींत मोठा संप झाला होता. त्या वेळी कामगार नेते जॉन मिचेल वार्ताहरांशी मोकळेपणाने बोलत, तर मालकांचे प्रमुख जॉर्ज बेअर यांनी राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांच्या मध्यस्थीलाही दाद दिली नव्हती. सहानुभूती कोणाकडे वळली हे सांगायला नको. १९०६मध्ये पुन्हा संपाची चिन्हे दिसू लागली, तेव्हा मालकांनी ली यांना पाचारण केले. मालक व कामगार यांच्या बैठकांना वार्ताहरांना प्रवेश नव्हता. परंतु प्रत्येक बैठकीनंतर तिचा वृत्तांत ली वृत्तपत्रांना पुरवू लागले.

काही संपादकांना हा प्रकार संशयास्पद वाटला. त्यांच्या शंकांना उत्तर म्हणून ली यांनी सर्व वृत्तपत्रांना एक छोटे निवेदन पाठवले. ‘तत्त्वांचे निवेदन’ या नावाने ते पुढे ओळखले गेले. आपले कार्यालय गुप्तपणे चालत नाही. आपण जाहिरात संस्था नाही आणि एखादा मजकूर जाहिरात विभागाकडे जायला हवा असे संपादकांना वाटल्यास त्यांनी तो वापरू नये. दिलेली माहिती अचूक असेल. अधिक तपशील हवा असल्यास तो तत्परतेने दिला जाईल आणि कोणत्याही विधानाची पडताळणी करण्यास संपादकांना साहाय्य केले जाईल, असा त्याचा आशय होता. उद्योग व सार्वजनिक संस्था यांच्या वतीने, जनतेला जाणून घेण्याजोगी माहिती खुलेपणाने पुरवणे हा आपला हेतू असल्याचे त्यात म्हटले होते.

निवेदनातील एक बाब बारकाईने पाहण्यासारखी आहे. माहिती कोणाच्या वतीने दिली जात आहे ते सांगण्याचे आणि पडताळणीस मदत करण्याचे वचन त्यात आहे. अशिलाने पुरवलेली माहिती आपण स्वतः तपासून पाहू, असे वचन मात्र त्यात स्पष्टपणे नाही. आठ वर्षांनी वाद झाला तो नेमका या ठिकाणी.

पेन्सिल्व्हेनिया रेल्वे

१९०६मध्येच पेन्सिल्व्हेनिया रेल्वेने ली यांची सेवा घेतली. २८ ऑक्टोबर १९०६ रोजी या कंपनीच्या अधिपत्याखालील मार्गावर, अटलांटिक सिटीजवळ, एक विद्युत रेल्वेगाडी खाडीवरील पुलावरून पाण्यात कोसळली आणि ५०हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. अपघाताची बातमी दाबून टाकण्याच्या रूढ पद्धतीऐवजी ली यांनी कंपनीच्या वतीने लेखी निवेदन काढले आणि वार्ताहरांना घटनास्थळी नेण्याची व्यवस्था केली. ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने हे निवेदन जसेच्या तसे छापल्याचे सांगितले जाते. जगातील पहिले प्रसिद्धिपत्रक म्हणून त्याचा उल्लेख अनेक ठिकाणी येतो. संस्थांनी वृत्तपत्रांना लेखी मजकूर देण्याचा प्रघात मात्र त्याहून जुना असल्याने ‘पहिले’ हा शब्द जपूनच घ्यावा लागतो. संकटाच्या वेळी गप्प बसण्यापेक्षा बोलणे कंपनीच्या हिताचे असते, हा धडा या प्रसंगाने घालून दिला, हे खरे महत्त्वाचे.

यानंतर काही काळ ली यांनी एका बँकिंग संस्थेसाठी युरोपात काम केले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रेल्वेच्या प्रश्नावर व्याख्याने दिली. १९१२मध्ये ते पेन्सिल्व्हेनिया रेल्वेत अध्यक्षांचे कार्यकारी साहाय्यक म्हणून परतले. प्रसिद्धी पाहणारा माणूस थेट अध्यक्षांच्या दालनाशेजारी बसू लागला, ही त्या काळात नवलाची गोष्ट होती. निर्णय झाल्यावर तो जनतेला पटवून देण्यापेक्षा निर्णय होत असतानाच सल्ला द्यावा, असा ली यांचा आग्रह असे.

पूर्वेकडील रेल्वे कंपन्यांनी १९१३–१४मध्ये मालवाहतुकीच्या दरात पाच टक्के वाढीसाठी आंतरराज्य व्यापार आयोगाकडे अर्ज केला, तेव्हा तिच्या समर्थनाची मोहीम ली यांनी चालवली. संपादक, लोकप्रतिनिधी, धर्मोपदेशक, महाविद्यालये यांना पत्रके पाठवण्यात आली. आयोगाने डिसेंबर १९१४मध्ये वाढ बहुतांशी मान्य केली. सिनेटर रॉबर्ट ला फॉलेट यांनी या पत्रकांचा संग्रह काँग्रेसच्या कार्यवृत्तात समाविष्ट करून, न्यायिक स्वरूपाचे काम करणाऱ्या आयोगावर दडपण आणल्याबद्दल कठोर टीका केली.

लडलो आणि रॉकफेलर

सप्टेंबर १९१३मध्ये दक्षिण कोलोराडोतील कोळसा खाणींत हजारो कामगारांनी संप पुकारला. संघटनेला मान्यता, कोळशाचे वजन प्रामाणिकपणे करणारा स्वतःचा वजनदार, आठ तासांचा दिवस आणि कंपनीच्या दुकानांतूनच खरेदी करण्याच्या सक्तीतून सुटका या त्यांच्या मागण्या होत्या. घरे कंपनीच्या मालकीची असल्यामुळे संपकऱ्यांना ती सोडावी लागली आणि ते कुटुंबांसह तंबूंत राहू लागले. यांतील सर्वांत मोठी वसाहत लडलो येथे होती. खाणकंपन्यांमधील प्रमुख असलेल्या कोलोराडो फ्युएल अँड आयर्न कंपनीचे सुमारे ४० टक्के समभाग रॉकफेलर कुटुंबाकडे होते.

२० एप्रिल १९१४ रोजी राज्याच्या नॅशनल गार्डचे जवान व कंपनीचे पहारेकरी यांनी वसाहतीवर गोळीबार केला. सायंकाळी तंबूंना आगी लावण्यात आल्या. एका तंबूखालच्या खड्ड्यात आसरा घेतलेल्या दोन स्त्रिया आणि ११ मुले गुदमरून मरण पावली. संपकऱ्यांचे नेते लुई टिकास हेही मारले गेले. मृतांचा एकूण आकडा निरनिराळ्या नोंदींत वेगळा असला, तरी तो वीसच्या आसपास आहे. देशभर संताप उसळला. काही आठवड्यांपूर्वीच संघटनेला मान्यता न देण्याच्या धोरणाचे समर्थन काँग्रेसच्या समितीपुढे करणारे जॉन डी. रॉकफेलर (कनिष्ठ) यांच्या न्यू यॉर्कमधील कार्यालयासमोर लेखक अप्टन सिंक्लेअर यांनी निदर्शने केली.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात कनिष्ठ रॉकफेलर यांनी ली यांना सल्लागार म्हणून घेतले. मानधन महिना १,००० डॉलर ठरले. रेल्वेतील नोकरीही चालूच राहिली. ली यांनी कोलोराडोतील औद्योगिक स्वातंत्र्याच्या लढ्याविषयीची तथ्ये, अशा आशयाच्या शीर्षकाखाली पत्रकांची मालिका सुरू केली. ही पत्रके देशभरातील संपादक, शिक्षक, धर्मोपदेशक, अधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांना टपालाने जात.

पत्रकांतील चुका गंभीर होत्या. कामगार संघटनेच्या नेत्यांना मिळालेली वर्षभराची रक्कम अवघ्या नऊ आठवड्यांची म्हणून दाखवण्यात आली. त्यामुळे संपकऱ्यांच्या वर्गणीवर नेते गबर होत असल्याचा समज पसरला. ऐंशीच्या घरातील कामगार कार्यकर्त्या मदर जोन्स यांच्या चारित्र्याविषयीचे जुने, सिद्ध न झालेले आरोप पुन्हा छापले गेले. शिवाय ही पत्रके डेन्व्हर येथून, खाणमालकांच्या समितीच्या नावाने पाठवली जात. प्रत्यक्षात ती ली फिलाडेल्फियात बसून लिहीत आणि हे वाचकांना कळण्याची सोय नव्हती. आपले सर्व काम उघडपणे चालते, असे १९०६मध्ये लिहिणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही बाब नऊ आठवड्यांच्या हिशेबापेक्षाही अवघड होती.

औद्योगिक संबंधांची चौकशी करणाऱ्या संघीय आयोगाने १९१५मध्ये ली यांना साक्षीस बोलावले. आयोगाचे अध्यक्ष फ्रँक वॉल्श यांनी माहितीचा उगम विचारला, तेव्हा ती खाणकंपन्यांच्या अधिकाऱ्यांकडून आल्याचे ली यांनी सांगितले. तिची स्वतंत्र खातरजमा त्यांनी केली नव्हती. मालकांचे म्हणणे चांगल्या रीतीने मांडणे हे आपले काम, ते खरे आहे की नाही हे शोधणे नव्हे, अशी त्यांच्या उत्तरांची दिशा होती. पगाराच्या आकड्यांतील चूक त्यांनी मान्य केली. कवी कार्ल सँडबर्ग यांनी त्याच वर्षी एका लेखात त्यांना पैसे घेऊन खोटे बोलणारा म्हटले. ‘विषारी आयव्ही’ हे नाव सिंक्लेअर यांनी रूढ केले. पॉयझन आयव्ही ही अमेरिकेत आढळणारी, अंगाला लागताच खाज व फोड आणणारी वेल आहे. मूळ नावावरच्या या श्लेषामुळे ते कायमचे टिकले.

याच प्रकरणाची दुसरी बाजूही नोंदवली जाते. केवळ पत्रके काढून भागणार नाही, धोरण बदलावे लागेल आणि रॉकफेलर यांनी स्वतः खाणींत जावे, असे सांगणाऱ्यांत ली होते. पुढे कॅनडाचे पंतप्रधान झालेले मॅकेंझी किंग यांनी कामगार प्रतिनिधित्वाची एक योजना आखली. सप्टेंबर १९१५मध्ये कनिष्ठ रॉकफेलर कोलोराडोत गेले, खाणीत उतरले, कामगारांच्या घरी जेवले आणि एका समारंभात त्यांच्या बायकांसोबत नाचलेही. वृत्तपत्रांतील सूर पालटला. योजनेमुळे तक्रारींना वाट मिळाली. मात्र स्वतंत्र संघटनेला मान्यता मिळालीच नाही. मालकांच्या वर्चस्वाखालील अशा प्रतिनिधी मंडळांवर १९३५च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याने बंदी आणली. लडलो येथे खाणकामगार संघटनेने १९१८मध्ये उभारलेले स्मारक आजही आहे.

रॉकफेलर कुटुंबाशी ली यांचा संबंध मृत्यूपर्यंत राहिला. थोरले रॉकफेलर लहान मुलांना दहा सेंटची नाणी वाटत, ही कल्पना ली यांची असल्याचे सांगितले जाते. पण नाणी वाटण्याची सवय रॉकफेलर यांची स्वतःची होती असे अभ्यासकांचे मत आहे. कुटुंबाच्या देणग्यांची माहिती पद्धतशीरपणे जनतेपर्यंत पोहोचवण्याचे काम मात्र निश्चितपणे ली यांचे होते.

स्वतंत्र व्यवसाय

१९१६मध्ये ली यांनी भाऊ व एक सहकारी यांच्यासह स्वतःची संस्था काढली. पहिल्या महायुद्धात अमेरिकन रेड क्रॉसच्या प्रसिद्धीची जबाबदारी त्यांनी सांभाळली. युद्धानंतर संस्था ‘आयव्ही ली अँड असोसिएट्स’ या नावाने चालू लागली. १९३३मध्ये टी. जे. रॉस हे भागीदार झाले. न्यू यॉर्कमधील भुयारी रेल्वे चालवणाऱ्या कंपनीसाठी ली यांनी ‘सबवे सन’ या नावाची, वृत्तपत्राच्या पानासारखी दिसणारी भित्तिपत्रके डब्यांत लावली. प्रवाशांना ती आवडत, आणि भाडेवाढीची बाजूही त्यांतूनच मांडली जाई. तांबे उत्पादक, सिगारेट कंपनी, मोटारगाड्यांचे कारखाने, बँका, विद्यापीठे असे नाना प्रकारचे अशील त्यांच्याकडे होते. विमानवाहतुकीच्या प्रसारासाठी गुगेनहाइम यांनी स्थापन केलेल्या निधीच्या वतीने वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांनी १९२७मध्ये केलेल्या देशव्यापी दौऱ्यातही ली यांचा सल्ला होता.

पैशाशी संबंध नसलेले एक काम येथे नोंदवण्यासारखे आहे. बॅप्टिस्ट धर्मोपदेशक हॅरी इमर्सन फॉस्डिक यांनी १९२२मध्ये धार्मिक कट्टरतेविरुद्ध प्रवचन दिले. धर्मोपदेशकाच्याच घरात वाढलेल्या ली यांनी ते ऐकून, शीर्षक बदलून त्याच्या प्रती देशभर धाडल्या. एरवी एका चर्चपुरते राहिलेले प्रवचन राष्ट्रीय वादाचा विषय झाले.

बेथलेहेम स्टीलचे चार्ल्स श्वाब यांना ली यांनी दररोज रात्री दुसऱ्या दिवसाची सहा कामे महत्त्वाच्या क्रमाने लिहून ठेवण्यास सांगितले आणि त्याबद्दल त्यांना २५,००० डॉलर मिळाले, अशी कथा ‘आयव्ही ली पद्धत’ म्हणून व्यवस्थापनविषयक पुस्तकांत वारंवार येते. श्वाब त्यांचे अशील होते. बाकीचा भाग आख्यायिका म्हणूनच वाचावा.

विचार

ली स्वतःच्या कामाची तुलना वकिलीशी करत. न्यायालयात प्रत्येकाला वकील मिळतो, तसा लोकमताच्या न्यायालयातही मिळाला पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद होता. ही तुलना आकर्षक असली तरी तिच्यात एक उणीव आहे. न्यायालयात समोर दुसरा वकील असतो, पुराव्याचे नियम असतात आणि वकील कोणाचा आहे हे न्यायाधीशाला ठाऊक असते. कोलोराडोतील पत्रके वाचणाऱ्याजवळ यांपैकी काहीच नव्हते.

तथ्यांविषयी त्यांचे मत कालांतराने बदललेले दिसते. १९०६मध्ये त्यांचा भर अचूकतेवर होता. नंतरच्या व्याख्यानांत, निरपेक्ष तथ्य सांगणे माणसाला शक्यच नाही, प्रत्येक जण तथ्यांचा आपला अर्थ तेवढा सांगतो, असे ते प्रतिपादन करू लागले. समुदाय तर्कापेक्षा प्रतीके व शब्दप्रयोग यांनी हलतो, हा विचारही त्यांच्या रेल्वेविषयक भाषणांत आढळतो. तरीही मजकुराचा उगम वाचकाला कळला पाहिजे हा मुद्दा त्यांनी तत्त्वतः कधी सोडला नाही. ‘ह्यूमन नेचर अँड रेलरोड्स’ (१९१५) आणि ‘पब्लिसिटी: सम ऑफ द थिंग्ज इट इज अँड इज नॉट’ (१९२५) या पुस्तकांत त्यांची भाषणे संकलित आहेत.

सोव्हिएत रशिया

१९२०च्या दशकात ली यांनी सोव्हिएत रशियाचे दौरे केले आणि अमेरिकेने त्या सरकारला मान्यता द्यावी, व्यापार वाढवावा अशी भूमिका घेतली. १९२८मध्ये त्यांचे ‘प्रेझेंट-डे रशिया’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. भांडवलदारांचा सल्लागार कम्युनिस्ट देशाची तरफदारी करतो याचे अनेकांना आश्चर्य वाटले आणि त्यांना सोव्हिएत हस्तक ठरवण्याचा प्रयत्नही झाला. आपल्याला यासाठी कोणाकडूनही पैसे मिळत नाहीत, असे ली यांचे म्हणणे होते. अमेरिकेने नोव्हेंबर १९३३मध्ये सोव्हिएत संघाला मान्यता दिली.

इ. गे. फार्बेन प्रकरण

जर्मनीतील रंग व रसायने बनवणाऱ्या कंपन्यांच्या विलीनीकरणातून १९२५मध्ये इ. गे. फार्बेन हा महाकाय उद्योग उभा राहिला. त्याच्या अमेरिकेतील शाखेचे काम ली यांच्याकडे १९२९पासून होते. १९३३मध्ये हिटलर सत्तेवर आल्यानंतर जर्मनीतील मूळ कंपनीने त्यांच्याशी वार्षिक २५,००० डॉलरचा करार केला. ज्यूविरोधी अत्याचारांच्या बातम्यांमुळे अमेरिकेत जर्मन मालावर बहिष्कार सुरू झाला होता. ली यांचा मुलगा जेम्स बर्लिनमध्ये राहून जर्मन वृत्तपत्रांचा आढावा घेत असे. स्वतः ली जर्मनीत गेले, प्रचारमंत्री योझेफ गोबेल्स आणि इतर मंत्र्यांना भेटले. हिटलर यांच्याशीही त्यांची भेट झाली.

परकीय प्रचाराची चौकशी करणाऱ्या काँग्रेसच्या मॅककॉर्मॅक–डिक्स्टाइन समितीपुढे मे १९३४मध्ये ली यांची बंद दाराआड साक्ष झाली. आपला करार जर्मन सरकारशी नसून कंपनीशी आहे. आपण अमेरिकेत कोणताही प्रचारसाहित्याचा प्रसार केलेला नाही. ज्यूंना मिळणारी वागणूक अमेरिकन जनतेला कधीच पटणार नाही, असे आपण जर्मनांना बजावले आहे, असे त्यांनी सांगितले. मात्र जर्मनीच्या लष्करी धोरणाविषयी जबाबदार व्यक्तींनी काय विधाने करावीत याचे मसुदे आपण दिले होते आणि आपला सल्ला कंपनीमार्फत सरकारपर्यंत पोहोचत असावा, हे त्यांना मान्य करावे लागले. अशील कंपनी आणि लाभार्थी सरकार, ही फारकत समितीच्या प्रश्नांपुढे टिकली नाही.

साक्ष जुलै १९३४मध्ये प्रसिद्ध झाली. त्या वेळी ली जर्मनीतच उपचारासाठी गेले होते. हिटलरचा प्रसिद्धी हस्तक अशा आशयाचे मथळे अमेरिकन वृत्तपत्रांत झळकले. इतरांना संकटात त्वरित बोलण्याचा सल्ला देणाऱ्या ली यांना स्वतःची बाजू मांडण्यास फारसा वेळ मिळाला नाही. समितीच्या कामाची परिणती १९३८च्या परकीय हस्तक नोंदणी कायद्यात झाली. परदेशी सरकारे व संस्था यांच्यासाठी अमेरिकेत राजकीय वा प्रसिद्धीचे काम करणाऱ्यांनी आपले अशील, करार आणि मानधन जाहीर करावे, असे हा कायदा सांगतो. तो अद्याप अमलात आहे. १९०६च्या निवेदनात ली यांनी स्वेच्छेने दिलेले आश्वासन पुढे कायद्याने सक्तीचे झाले, ते बऱ्याच अंशी त्यांच्याच प्रकरणानंतर.

मृत्यू आणि कुटुंब

९ नोव्हेंबर १९३४ रोजी मेंदूतील गाठीच्या विकाराने न्यू यॉर्क येथे वयाच्या ५७व्या वर्षी ली यांचे निधन झाले. मिळकत मोठी असूनही राहणी खर्चिक असल्याने त्यांच्या मागे फारशी मालमत्ता उरली नाही. त्यांना एक मुलगी व दोन मुलगे होते. त्यांची बहीण लॉरा यांचे पुत्र म्हणजे कादंबरीकार विल्यम एस. बरोज. बरोज यांनी आपली पहिली कादंबरी १९५३मध्ये ‘विल्यम ली’ या टोपणनावाने प्रसिद्ध केली. त्यातील ली हे आईचे माहेरचे आडनाव होय.

मूल्यमापन

ली यांच्याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. रे एल्डन हिबर्ट यांनी १९६६मध्ये लिहिलेल्या ‘कोर्टियर टू द क्राउड’ या चरित्रात त्यांची प्रतिमा बरीच सहानुभूतीने रंगवली आहे: उद्योगांना बोलते करणारा, बंद दारे उघडणारा सल्लागार. कामगार चळवळीच्या इतिहासकारांना लडलोची पत्रके विसरणे शक्य नाही. जनसंपर्काचे काही अभ्यासक ‘तत्त्वांचे निवेदन’ हे मुळात संपादकांचा संशय दूर करण्यासाठी घाईने काढलेले पत्र होते, त्याला व्यवसायाची आचारसंहिता मानणे हे नंतरच्या पिढीचे काम, असे म्हणतात. ही शंका रास्त आहे. परंतु ज्या चौकशीत ली अडचणीत आले, तेथे त्यांना मोजण्यासाठी हीच मोजपट्टी हाताशी होती.

भारतातील जनसंपर्क आणि जनसंज्ञापनाच्या अभ्यासक्रमांतही ली यांचे नाव बर्नेज यांच्यासोबत येते. बहुधा १९०६च्या निवेदनापुरते. त्यांची कागदपत्रे, पत्रव्यवहार आणि अशिलांसाठी काढलेली पत्रके प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन केलेली आहेत.